करड्या पुठ्ठ्यावरची पांढरी शेवंती

पोलिश चित्रकार ओल्गा बोझ्नान्स्काचं ‘शेवंती घेतलेली मुलगी’ हे १८९४ सालचं चित्र छापील पानावर पाहिलं की मुलीच्या हातातली फुलं पांढरीशुभ्र वाटतात. त्याच पानावर, फुलांना चिकटून, कोऱ्या झेरॉक्स कागदाचा कपटा ठेवून बघा. फुलं एकदम राखाडी होतात, कुठे हिरवट, कुठे मातकट. कपटा उचलला की पुन्हा पांढरी. हे कसं जमवलंय ते नुसतं बघून कळत नाही, करून बघावं लागतं. म्हणून त्यातल्या फक्त फुलांच्या जुडीचा अभ्यास करायला घेतला, तोही तिच्याच पद्धतीने, म्हणजे अस्तर न दिलेल्या पुठ्ठ्यावर तैलरंगात. मूळ चित्र ८८.५ × ६९ सेंमीचं, पोलंडमधल्या क्राकूफच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आमचा पुठ्ठा ३० × ४० सेंमीचा. दोन पुठ्ठे वाया गेले, तिसऱ्यावर काम उभं राहिलं.

बोझ्नान्स्काबद्दल थोडक्यात. जन्म १८६५, क्राकूफ. वडील पोलिश, आई फ्रेंच. त्या काळी तिथल्या कला अकादमीत मुलींना प्रवेश नसे, म्हणून १८८६ पासून ती म्युनिकमध्ये खासगी शिक्षकांकडे शिकली. त्या काळात सतराव्या शतकातला स्पॅनिश चित्रकार व्हेलास्केथ याचे करडे रंग पाहिले, अमेरिकन चित्रकार व्हिसलर पाहिला. हे चित्र त्या म्युनिकच्या वर्षांतलं. १८९८ मध्ये पॅरिसला गेली आणि १९४० मध्ये तिथेच वारली. पोलिश कलेतल्या ज्या आधुनिक वळणाला ‘यंग पोलंड’ म्हणतात, त्यात तिचं नाव वरच्या रांगेत. एका चित्रासाठी ती अनेक बैठका घ्यायची, समोर बसणारी माणसं कंटाळून जात. ही शेवटची गोष्ट कामाला लागल्यावर फार लवकर पटते, कारण ही पद्धतच घाई सोसत नाही.

पुठ्ठ्यापासून सुरुवात. बाइंडिंगवाले ज्याला ग्रे बोर्ड म्हणतात तो २ ते ३ मिमी जाडीचा घ्यायचा. १.५ मिमीचा बाक घेतो. हा पुठ्ठा रद्दीच्या लगद्याचा असतो, त्यात आम्ल असतं, आणि काही वर्षांत तो पिवळा-तपकिरी पडतो. सरावाला चालेल. टिकवायचं असेल तर फ्रेमवाल्यांकडून आम्लरहित करडा माउंटबोर्ड आणावा. महाग पडतो, पण इथे पुठ्ठा हा चित्रातला एक रंगच आहे, आणि तो रंग दहा वर्षांनी बदलला तर बाकीची सगळी मेहनत चुकीच्या सुरात वाजणार. आणताना दुकानात दोन-तीन गठ्ठ्यांतले तुकडे शेजारी ठेवून बघावेत. एक निळसर करडा निघतो, एक उदसर. आपल्याला उदसर हवा. त्यावर थंड राखाडी लावला की तो आपोआप उठतो.

आता सरसाचा प्रश्न. कोऱ्या पुठ्ठ्यावर तैलरंग लावला की पुठ्ठा त्यातलं तेल पितो आणि रंग कोरडा, चकाकी नसलेला बसतो. परिणाम तोच हवाय. पण तेल पुठ्ठ्याच्या धाग्यांत मुरलं की कालांतराने ते धागे ठिसूळ होतात, आणि शिवाय रंगाच्या डागाभोवती तेलाचं काळपट कडं उमटतं. पहिला पुठ्ठा त्यातच गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक पाकळीभोवती, भज्याखालच्या कागदावर उमटतं तसं, वर्तुळ होतं. पुसायला गेलं तर पुठ्ठ्याचे तंतू निघतात.

उपाय म्हणजे अगदी पातळ सरस. सुताराकडचा तांबूस सरस नको, तो रंग सोडतो. बेकरीच्या सामानाच्या दुकानात बिनवासाची जिलेटिन पावडर मिळते ती बरी. तीन पट्ट्या करून पाहिल्या: एक कोरी, एकीवर १०० मिलि पाण्यात २ ग्रॅम, एकीवर ५ ग्रॅम. प्रत्येकीवर जवसाच्या तेलाचा एक थेंब. कोऱ्या पट्टीवर दहा मिनिटांत तो थेंब पाच रुपयांच्या नाण्याएवढा पसरला. दोन ग्रॅमवर तासाभराने जेमतेम कडा हलली. पाच ग्रॅमवर दुसऱ्या दिवशीही थेंब चमकत बसला होता, म्हणजे पुठ्ठ्याचं तोंड पूर्ण बंद. दोन ग्रॅम पक्कं केलं. पावडर गार पाण्यात अर्धा तास फुगू द्यायची, मग भांड्यात भांडं ठेवून कोमट करायची. बोट सहज बुडवता येईल इतपतच गरम. उकळी आली तर जिलेटिनचा चिकटपणा जातो. रुंद ब्रशने एकच हात, आणि तो दोन्ही बाजूंनी व कडांना. एकाच बाजूला लावलं की पुठ्ठा वाळताना पापडासारखा वळतो. मग दोन टिपकागदांमध्ये घालून, वर जाडजूड पुस्तकं ठेवून रात्रभर दाबून ठेवायचा. पांढरा फेव्हिकॉल पाण्यात कालवून लावावा असा सल्ला बरेच जण देतात. त्याने वर प्लास्टिकचा पापुद्रा येतो आणि या पद्धतीचा जीवच जातो.

रंगांत सगळ्यात अडचणीचा पांढराच. १८९४ मध्ये चित्रकाराच्या हातात दोन पांढरे होते, शिशाचा सफेदा आणि झिंक व्हाइट. टायटॅनियम व्हाइट चित्रकारांच्या ट्यूबमध्ये आला तो पहिल्या महायुद्धानंतर. आज दुकानात ‘व्हाइट’ म्हणून हातात पडतो तो बहुतेक टायटॅनियम, आणि तो या कामाला फार दांडगा आहे. चिमूटभर टाकला तरी मिश्रणातला दुसरा रंग गिळून टाकतो, आणि त्याची अपारदर्शकता खडूसारखी दिसते. शिशाचा सफेदा उबदार, थोडा पारदर्शक. पण विषारी आहे, घरात वापरू नये, वाळलेल्या थराला पॉलिश पेपर तर अजिबात नाही. झिंक नाजूक दिसतो, पण तेलात त्याचा थर ठिसूळ होतो आणि पुढे सुटतो. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा क्रमांक असतो: पीडब्ल्यू ६ म्हणजे टायटॅनियम, पीडब्ल्यू ४ म्हणजे झिंक. पुष्कळ स्वस्त ‘टायटॅनियम’ ट्यूबमध्ये दोन्ही असतात, ते वाचून घ्यावं. आम्ही शुद्ध टायटॅनियम घेतला आणि त्याचा माज उतरवून वापरला. वाटाण्याएवढ्या पांढऱ्यात टाचणीच्या टोकाएवढा यलो ओकर (मातकट पिवळा) आणि तेवढाच रॉ अंबर (मातकट तपकिरी), पॅलेट नाइफने नीट घोटून. हा आमचा ‘मूळ पांढरा’. ट्यूबमधला थेट पांढरा शेवटच्या बैठकीपर्यंत बंद ठेवला.

बाकी रंग थोडे: आयव्हरी ब्लॅक, रॉ अंबर, यलो ओकर, टेर व्हर्ट (हिरव्या मातीचा रंग) आणि नखभर अल्ट्रामरीन निळा. काळा आणि पांढरा मिसळला की निळसर करडा मिळतो, त्यामुळे अल्ट्रामरीन जवळजवळ लागलाच नाही. तीन करडे आधी तयार करून ठेवले. थंड करडा: मूळ पांढरा सहा भाग, काळा एक. उबदार करडा: मूळ पांढरा चार, रॉ अंबर एक. हिरवट करडा: उबदार करड्यात एक भाग टेर व्हर्ट. हे तिन्ही आधी टिपकागदावर तासभर काढून ठेवले, म्हणजे जास्तीचं तेल कागद ओढून घेतो, आणि मग टर्पेंटाइनने सायीइतके सैल केले. इथे लोभ नको. एक ढीग रात्रभर टिपकागदावर राहिला, त्यातलं तेल इतकं गेलं की वाळल्यावर रंग बोटाला पिठासारखा लागत होता. तासभर पुरे. फ्रेंच चित्रकार तुलूझ-लोत्रेकही त्याच दशकात पॅरिसमध्ये पुठ्ठ्यावर असाच टर्पेंटाइनने पातळ केलेला रंग वापरत होता, पण त्याची रेघ धावते. बोझ्नान्स्काचा ब्रश थांबून थांबून टेकतो.

फुलांची बाजू सोपी वाटली होती, तशी ती नव्हती. शेवंती आपल्याकडे दसरा-दिवाळीला ढिगाने येते, पण मंडईत किलोवर मिळते ती देठाविना सुटी, हारातोरणांची. जुडी मांडायला लांब देठाची हवी, ती बुकेवाल्यांकडे. पोलंडमध्ये हेच फूल हल्ली १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी, कबरींवर वाहतात. म्हणजे ऋतू साधारण एकच, फुलाचा मान निराळा. मोठ्या, आत वळलेल्या पाकळ्यांची सात फुलं घेतली. देठ पाण्याखाली तिरपे कापायचे, पाण्यात बुडतील ती पानं काढायची, पाणी रोज बदलायचं. शेवंतीचं फूल टिकतं, पान आधी मान टाकतं. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात पाचव्या दिवशी बाहेरच्या पाकळ्यांच्या कडा तपकिरी झाल्या. म्हणून क्रम उलटा लावला: आधी तीन दिवस फक्त फुलं, मग सावकाश पार्श्वभूमी. दुसरी जुडी आणून तशीच मांडता येते असं म्हणायला ठीक, प्रत्यक्षात एकही फूल तसं वळत नाही.

फुलाकडे जवळून पाहायला हवं. ज्याला आपण पाकळी म्हणतो ते शेवंतीत एकेक स्वतंत्र छोटं फूल असतं, खाली नळीसारखं, वर जिभेसारखं. भरगच्च जातीत ही जिभांची दाटी मध्याला झाकून टाकते. त्यामुळे उजेड आत जातो आणि पाकळ्यांवर आपटत आपटत बाहेर येतो. फुलाच्या खोलात सावली काळी पडत नाही, हिरवट-पिवळी होते. वरच्या, आत वळलेल्या पाकळीची पाठ दिसते, पोट नाही, आणि पाठ सावलीत असते. उत्तरेच्या खिडकीपाशी, मागे करडं मांजरपाट टांगून फुलं ठेवली आणि शेजारी कोरा कागद धरला, तेव्हा कागदाइतकी पांढरी जागा एका फुलात दोन किंवा तीनच निघाल्या, त्याही तांदळाच्या दाण्याएवढ्या.

उजेडाच्या नऊ पायऱ्या धरल्या, एक म्हणजे काळा, नऊ म्हणजे कोरा कागद, तर पुठ्ठा पाचवर बसतो, फुलाचा बहुतेक भाग सहा-सातवर, सावली पाचवर. म्हणजे सावलीतली पाकळी आणि पुठ्ठा जवळपास एकच. तिथे रंग लावायचाच नाही. दुसरा पुठ्ठा हे न कळल्यामुळे गेला: सगळी फुलं आठ-नऊवर रंगवली, मग त्यांना गोलाई आणायला सावल्या गडद केल्या, आणि शेवटी थाळीत सांडलेल्या ज्वारीच्या लाह्या दिसायला लागल्या.

तिसऱ्या पुठ्ठ्यावर पहिली बैठक रेखाटनाची. कोळसा नको, त्याची भुकटी करड्यात मिसळून सगळं मळकट होतं. रॉ अंबर टर्पेंटाइनमध्ये चहाइतका पातळ करून, २ नंबरच्या गोल ब्रशने प्रत्येक फुलाचा फक्त घेर आणि कल. कॅनव्हासवर चुकलेली रेघ चिंधीने पुसता येते, इथे पुठ्ठा ती लगेच पितो. म्हणून पहिल्या रेघा फिक्या, आणि चुकल्या तरी तशाच सोडायच्या. पुढे त्या पाकळ्यांच्या फटींत खपून जातात.

त्यानंतर प्रत्येक फूल चेंडू समजून दोन भागांत तोडलं, उजेडाची बाजू आणि सावलीची. उजेडाच्या बाजूला उबदार करडा, ६ नंबरच्या चपट्या डुकराच्या केसांच्या ब्रशने, रंग कमी आणि ब्रश जवळपास कोरडा. हात आडवा धरून ब्रश पुठ्ठ्यावर टेकवायचा आणि उचलायचा. ओढायचा नाही. ओढला की रेघ होते, टेकवला की ठिपका बसतो आणि त्याच्या कडेने पुठ्ठा श्वास घेत राहतो. सावलीच्या बाजूला हिरवट करड्याचे चार-पाच ठिपके, बाकी पुठ्ठा. इतकं झाल्यावर थांबलं. बघणाऱ्याला हे अर्धवट वाटतं आणि हात शिवशिवतो, पण ओल्या रंगात पुढे गेलं की तिन्ही करड्यांचा एकच चिखल होतो.

किती थांबायचं? वरून कोरडं दिसणं म्हणजे वाळणं नव्हे. पुठ्ठ्याने तेल ओढल्यामुळे रंग काही तासांतच मॅट दिसतो आणि फसवतो. रॉ अंबरमध्ये मँगनीज असतं, त्यामुळे अंबर असलेला करडा एक-दोन दिवसांत वाळतो. टायटॅनियम जास्त असलेला भाग चार-पाच दिवस घेतो, दमट हवेत आठवडा. नख हलकं टेकवून बघावं. फुलं कोमेजणार म्हणून आम्ही तिसऱ्या दिवसापर्यंत प्रत्येक फुलावर एकच थर वर चढवला, तोही जिथे खाली अंबर होता तिथेच. मात्र रंग वाळला की एखादी पायरी बदलतो, हे लक्षात ठेवावं. गडद छटा तेल गेल्यावर फिक्या आणि मेल्यासारख्या दिसतात. म्हणून त्याच पुठ्ठ्याच्या एका पट्टीवर प्रत्येक मिश्रणाचा ठिपका देऊन चोवीस तासांनी पाहायचा, मगच चित्रात लावायचा. ही पट्टी नसेल तर सगळं अंदाजपंचे.

दुसऱ्या थरात पाकळ्या. एका फुलाला दहा-बारा ठिपके, त्याहून जास्त नाही. ब्रश २ नंबरचा, ठिपका पाकळीच्या वळणाच्या दिशेने. पाकळ्या एकेक करून बाहेरच्या कडेने आखल्या की फुलाचा कोबी होतो. उलटं करायचं: फुलाच्या बाहेरचा थंड करडा ब्रशने आत ढकलायचा, म्हणजे दोन पाकळ्यांमधली फट पार्श्वभूमीच्या रंगाने कापली जाते आणि पाकळी आपोआप उरते. मूळ चित्रात फुलांची कड कुठे संपते आणि मुलीचा करडा पोशाख कुठे सुरू होतो हे काही ठिकाणी सांगताच येत नाही, ते याच युक्तीने. सातपैकी तीन फुलांची कड अशी अर्धी हरवून टाकली. दोन फुलं पूर्ण स्पष्ट ठेवली. सगळीच हरवली तर धुकं होतं.

पार्श्वभूमीला दोन आठवडे लागले, पण त्यात सांगण्यासारखं कमी आहे. थंड आणि उबदार करडे विरळ ठिपक्यांनी एकमेकांवर, मध्ये पुठ्ठा उघडा. एवढंच जपायचं की पार्श्वभूमी फुलांच्या सावलीपेक्षा उजळ होऊ नये.

शेवटच्या बैठकीत ट्यूबमधला थेट पांढरा उघडला. न पातळ करता, न टिपता, ब्रशच्या टोकावर. पूर्ण चित्रात अकरा ठिपके मोजून दिले, त्यातले सात एकाच फुलात. बाकी फुलं त्या फुलाच्या जिवावर पांढरी दिसतात. आपल्या चित्रात बोझ्नान्स्काने हेच दुसऱ्या टोकालाही केलं आहे: सगळा पट करडा आणि मधोमध त्या मुलीचे मोठे काळेभोर डोळे. सर्वांत गडद तिथे, सर्वांत उजळ हातात. आमच्या अभ्यासात डोळे नव्हते, त्यामुळे फुलं जरा पोरकी वाटत होती. एका देठामागे आयव्हरी ब्लॅक आणि रॉ अंबरचा नखाएवढा डाग दिला, तेव्हा कुठे ती जागेवर बसली.

काम संपल्यावर वार्निशचा मोह होतो, कारण वाळलेलं चित्र धूळ बसल्यासारखं दिसतं. लावू नये. पुठ्ठ्याच्या उघड्या जागा वार्निश पितात आणि पाचवरचा पुठ्ठा तिनावर येतो, करडा जाऊन भिजल्या मातीचा तपकिरी होतो. तो परत निघत नाही. त्या काळातल्या अशा मॅट पुठ्ठाचित्रांपैकी काही पुढे कुणी तरी हौसेने वार्निश केल्यामुळे कायमची काळवंडली आहेत. वार्निशऐवजी काच. काच आणि चित्र यांच्यात ५ मिमीची पट्टी घालून मोकळी जागा ठेवायची, मागे आम्लरहित पुठ्ठा, आणि पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर टांगायचं नाही. कसर या जिलेटिनवर तुटून पडते, म्हणून फ्रेमची पाठ चिकटपट्टीने पूर्ण बंद करायची. आणखी एक, चित्राशी संबंध नसलेलं पण महत्त्वाचं: जवसाच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

आमच्या पुठ्ठ्यावर डावीकडचं खालचं फूल अजून तिरप्या उजेडात चमकतं. ते तीनदा बदललं, प्रत्येक वेळी वर नवा थर. तिसऱ्या थरापर्यंत खालच्या रंगाने पुठ्ठ्याचं तोंड बंद केलं होतं, तेल प्यायला कुणी उरलंच नाही. समोरून पाहिलं तर रंग अगदी बरोबर आहे.